पुस्तकावरचा पिक्चर बघताना डोळे भरून आले पाहिजेत

संपादक साहेब, नमस्कार.

'बाईपण भारी देवा' २०२३ला आला तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका नटूनथटून रिक्षा करून गेल्या होत्या, माझी सासू तर दहा वर्षांनी थेटरात गेली आणि इंटरव्हलला पदरानं डोळे पुसत बसली होती, वडापाव तसाच हातात. घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावं असं काही आलं की माणसं येतातच हो.

पण पुस्तकावरच्या पिक्चरचं मला जास्त वाटतं, कारण माडगूळ आमच्याच जिल्ह्यातलं, आटपाडी तालुक्यातलं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ची आणि अमोल पालेकरांनी त्यावर पिक्चर केला १९९५ला, म्हणजे चाळीस वर्षांनी. तो पोरगेला मास्तर, ती धनगरांची वस्ती, शेवटी दुष्काळानं ओस पडलेली घरं, हे पडद्यावर बघताना माझे वडील एक शब्द बोलले नाहीत, घरी आल्यावर कपाटातनं पुस्तक काढून पहाटेपर्यंत वाचत बसले. तसंच 'श्यामची आई'चं, अत्र्यांच्या १९५३च्या पिक्चरला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, आणि २०२३ला परत केला तोसुद्धा ब्लॅक अँड व्हाइटच.

आता तक्रार एवढीच की इथं अशा पिक्चरला सकाळी दहाचा नाहीतर रात्री उशिराचा शो देतात. म्हाताऱ्या माणसांनी, शाळेच्या पोरांनी जायचं कधी? संध्याकाळी सहाचा एक तरी शो ठेवा, आम्ही सगळं घर घेऊन येतो.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली