सेन्सर बदला म्हणण्याआधी गाडी बंद कशी पडते ते विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं गाड्यांचं सदर मी इथं इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत बसून दर आठवड्याला वाचतो. एरवी पत्र लिहिणं होत नाही, पण मागच्या रविवारी पुण्याच्या एका वाचकाला दिलेलं उत्तर वाचलं आणि राहवलं नाही. त्यांनी विचारलं होतं की माझी जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे, चालता चालता मध्येच बंद पडते, दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी परत चालू होते, तर काय करू. उत्तर काय आलं तर आधी क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरलं ते कॉम्प्युटरला सांगतो तो) बदला, नाही जमलं तर फ्युएल पंप, तरी नाही जमलं तर कॉइल (स्पार्कसाठी वीज देते ती). मला हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण अशाच यादीपायी माझे साडेसहाशे पौंड आणि अख्खा एक हिवाळा गेला आणि फॉल्ट होता तिथंच राहिला.

माझ्याकडे १९९० ची माझदा एमएक्स-५ आहे, पहिल्या पिढीतली, ती वर येणाऱ्या हेडलाइटवाली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा दाखवली, १५९८ सीसीचं इंजिन, सोळा व्हॉल्व्ह, वजन हजार किलोच्या आत, आणि २०१६ मध्ये कंपनीनं या नावाची दहा लाखावी गाडी काढली. पॉवर फार नाही पण वळणावर ती जे बोलते ते मला दुसऱ्या कुठल्याच गाडीत मिळालेलं नाही, म्हणून विकून टाक म्हणणाऱ्यांचं मी ऐकलं नाही.

तर झालं असं, नोव्हेंबरातला रविवार, मी आणि बायको फॉस वे नावाच्या रस्त्यानं स्टो-ऑन-द-वोल्ड या गावाकडे निघालो होतो, पस्तीसेक मिनिटं झाली असतील, आणि चौथ्या गिअरमध्ये गाडी एकदम मेली. मिसिंग नाही, झटका नाही, कुणी चावी फिरवून बंद करावी तशी. कशीबशी गवताच्या कडेला घेतली. सेल्फ मारला तर इंजिन फिरतंय पण पकडत नाही. बारा-पंधरा मिनिटांनी परत मारला तर पहिल्या फटक्यात चालू, आणि घरापर्यंत नीट आली. मग पुढचे दोन आठवडे काहीच नाही, मला वाटलं पेट्रोलमध्ये कचरा असेल, गेला. तिसऱ्या आठवड्यात परत तेच.

जवळच्या एका गॅरेजमध्ये दिली. त्यांच्याकडे चार दिवस राहिली आणि चारही दिवस सुरळीत चालली, मग त्यांनी अंदाजानं कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाला बसतो तो अँगल सेन्सर (या गाडीत क्रँक सेन्सरचं काम हाच करतो) बदलला, पुढच्या खेपेला कॉइल आणि प्लगच्या वायरी, त्याच्या पुढच्या खेपेला पंप. माणसं वाईट नव्हती. स्कॅनर लावावा तर या गाडीला आजच्यासारखं सॉकेटच नाही. इथं युरोपात पेट्रोल गाड्यांना ते २००१ पासून सक्तीचं झालं, अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून. माझ्या गाडीत बॉनेटखाली एक छोटी डायग्नोसिसची डबी आहे, तिच्यात टेन आणि जीएनडी लिहिलेल्या पिना वायरच्या तुकड्यानं जोडल्या की दिवा लुकलुकून कोड सांगतो. आमच्या दिव्यानं काहीच सांगितलं नाही, कारण कॉम्प्युटरच्या मते कुठलाच सेन्सर बिघडलेला नव्हता. तेव्हाच थांबायला पाहिजे होतं. पण प्रत्येक नवीन पार्ट टाकल्यावर गाडी आठ-दहा दिवस बरी चालायची आणि आम्ही म्हणायचो की बघ, गेला फॉल्ट. अधूनमधून येणाऱ्या फॉल्टमध्ये हीच फसगत होते, काहीही केलं तरी तो थोडे दिवस जातोच.

माझे वडील इचलकरंजीत मोटार रिवायंडिंगचं काम करायचे, यंत्रमागाच्या मोटारी. त्यांच्याकडे टेस्टलॅम्प असायचा, होल्डरमध्ये एक बल्ब आणि दोन वायरी, बस. मीटर पण होता, पण ते म्हणायचे मीटरला नुसतं दार उघडं दिसतं, त्यातून माणूस जातो का ते बल्ब सांगतो. हे लहानपणी डोक्यावरून गेलं होतं, चाळीस वर्षांनी समजलं. चांगला डिजिटल मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे दहा तारांतली एकच तार धरून राहिली असेल तरी तो तुम्हाला बारा व्होल्ट दाखवतो आणि तुम्ही म्हणता सप्लाय ओके आहे. त्याच वायरवर २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावा, तो पावणेदोन अँपियर मागतो, आणि मग खरं काय ते बाहेर येतं.

गॅरेजला नमस्कार करून मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे एक वही. गाडी बंद पडली की तारीख, चालू केल्यापासून किती मिनिटं, बाहेर थंडी किती, टाकीत पेट्रोल किती, चढ की उतार, पाऊस, लाइट चालू होते का, हीटर चालू होता का. चौदा नोंदी झाल्या. वही बायकोनं वाचली आणि तिनंच पकडलं की चौदापैकी अकरा वेळा हीटर चालू होता. आम्ही सगळे इंजिनच्या उष्णतेमागे लागलो होतो, सेन्सर तापतो, कॉइल तापते, आणि इंजिन तर कडक उन्हात जास्त तापायला पाहिजे ना, पण आदल्या उन्हाळ्यात गाडी एकदाही बंद पडली नव्हती. म्हणजे तापत काहीतरी होतंच, पण ते बॉनेटखाली नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे तीन बल्ब. बारा व्होल्ट पाच वॉटचे, साधे फिलामेंटचे. एक कॉइलच्या सप्लायवर, एक फ्युएल पंपाच्या सप्लायवर, एक इंजिनच्या कॉम्प्युटरच्या सप्लायवर. प्रत्येक वायरला सुरुवातीलाच तीन अँपियरचा फ्यूज टाकला, म्हणजे वायर कुठं घासून शॉर्ट झालीच तर गाडी पेटायला नको. तिन्ही वायरी आत आणून बल्ब डॅशबोर्डवर टेपनं चिकटवले, खाली नावं लिहिली, आणि बायकोचा फोन असा बसवला की बल्ब आणि आरपीएमचा काटा दोन्ही एकाच व्हिडिओत यावेत.

काट्याचं इथं सांगतो, कारण त्याला एक पैसा लागत नाही. जुन्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत आरपीएमचा काटा इग्निशनच्या सिग्नलवर चालतो. गाडी गिअरमध्ये असताना बंद पडली तर चाकं इंजिनला फिरवत असतात, म्हणजे इंजिन अजून दोन-अडीच हजारानं फिरतंच आहे. अशा वेळी काटा सटकन शून्यावर आला तर समजा की इग्निशनचा सप्लाय किंवा सिग्नल गेला. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू खाली आला तर स्पार्क बहुतेक आहे, पेट्रोल शोधा. फक्त त्या क्षणी घाबरून क्लच दाबायचा नाही. अर्थात हे मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागं कुणी नसताना, शेजारी एक माणूस बसवून. इंजिन बंद झालं की ब्रेकला जोर देणाऱ्या सर्व्होत एक-दोन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर ते जड होतं, तेव्हा घाटात किंवा एक्स्प्रेसवेवर हा प्रयोग कुणीही करू नये.

फेब्रुवारीत एका सकाळी हीटर फुल लावून निघालो. अडतिसाव्या मिनिटाला बंद पडली, आणि मला इतका आनंद झाला की बायको माझ्याकडे बघत राहिली. व्हिडिओ घरी एकेक फ्रेम करून बघितला. काटा सटकन शून्य. कॉइलचा बल्ब मंद होऊन गेला, पंपाचा चालू, कॉम्प्युटरचा चालू. मग गाडी थांबता थांबता पंपाचा बल्बही गेला. नुसत्या डोळ्यांनी बघितलं असतं तर दोन्ही गेले एवढंच दिसलं असतं आणि मी परत पंपावर गेलो असतो. या गाडीत हवा मोजायची जी झडप असते तिच्यात पंपाचा स्विच आहे, इंजिन हवा ओढायचं थांबलं की झडप मिटते आणि पंप आपोआप बंद होतो. तो फॉल्ट नाही, गाडी करायला पाहिजे तेच करत होती. कुठला बल्ब आधी गेला यातच सगळं होतं.

पुढं सोपं होतं. कॉइलच्या सप्लायचा रस्ता बॅटरी, मेन फ्यूज, चावीचा स्विच, डॅशबोर्डखालची वायरिंग आणि मग कॉइल. बल्ब मधोमध नेऊन लावला, स्विचच्या नंतर. पुढच्या वेळी गाडी मेली तेव्हा तो चालू राहिला, म्हणजे स्विचपर्यंत ठीक, गडबड स्विच आणि कॉइलच्या मध्ये. एवढ्याशा टप्प्यात हात घातला तर हीटरच्या नळीला अगदी टेकून एक काळा डबा निघाला. इमोबिलायझर, म्हणजे चोराला गाडी चालू करता येऊ नये म्हणून बसवतात तो. १९९० च्या दशकात इथं गाड्या खूप चोरीला जायच्या, इन्शुरन्सवाले मागायचे म्हणून हजारो गाड्यांत असे डबे नंतर बसवले गेले, आणि बसवताना चांगल्या वायरी कापून मध्ये रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, घातला. माझ्या गाडीत तो कुणी बसवला माहीत नाही, तीन मालक आधी होऊन गेलेत. हेअर ड्रायर आणला, डब्यावर गरम हवा सोडली, कॉइलच्या वायरवर २१ वॉटचा बल्ब. गार असताना बारा व्होल्ट, सात-आठ मिनिटांत नऊ, मग बल्ब विझला. ओलं फडकं लावलं, परत पेटला. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच. चार महिने जो फॉल्ट कुणाला सापडत नव्हता तो आता मी सांगीन तेव्हा येत होता आणि सांगीन तेव्हा जात होता.

डबा उघडला तर रिलेच्या पायाभोवती सोल्डरला गोल चीर, केसाएवढी. इन्शुरन्स कंपनीला कळवून डबा काढला, मूळ वायरी नीट सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. खर्च झाला चार पौंड. या गोष्टीला आता तिसरा हिवाळा चालू आहे आणि गाडी त्यानंतर एकदाही बंद पडलेली नाही.

हे फक्त माझ्याच गाडीचं आहे असं समजू नका. पोर्शे ९४४ चे मालक ग्लोव्ह बॉक्समध्ये एक जादा डीएमई रिले ठेवतात, कारण त्याच रिलेवर इंजिनचा कॉम्प्युटर आणि पंप दोन्ही चालतात आणि वय झालं की आतलं सोल्डर अशीच चीर धरतं. जुन्या एमजीबी गाडीच्या एसयू कंपनीच्या पेट्रोल पंपाचे पॉइंट (आतले विजेचे संपर्क) अडकले की लोक पंपाला ठोका देतात आणि गाडी चालू होते. आपल्याकडे खंबाटकीत मेकॅनिकल पंपाच्या गाड्या बंद पडायच्या तेव्हा ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे, पेट्रोलची वाफ झाली आहे हे त्यांना बरोबर माहीत असायचं. तेही निदानच होतं, कारण ते आधी विचारायचे की गाडी तापली होती का, चढ होता का. आजही आपल्या तालुक्याच्या गावात असे फिटर आहेत जे बॉनेट उघडण्याआधी पाच मिनिटं नुसतं ऐकून घेतात. त्या पाच मिनिटांचे पैसे द्यायला आपण तयार नसतो, पार्टचे मात्र देतो, म्हणून मग सगळे पार्टच विकायला लागतात. माझी सदरलेखकांना मनापासून विनंती आहे की वाचकाला पार्टचं नाव सांगण्याआधी त्याला उलट चार प्रश्न विचारा, तुमच्या शब्दावर लोक हजारो रुपये खर्च करतात.

पुण्याच्या त्या वाचकांना एवढं कळवा की तूर्त काहीही विकत घेऊ नका. आज वही घाला. पुढच्या वेळी बंद पडली की काटा कसा पडतो ते बघा, आणि लगेच सेल्फ मारण्याआधी चावी ऑन करून कॉइलच्या वायरवर बल्ब लावा, कारण दहा मिनिटं गेली की पुरावा गेला. गाडीत नंतर बसवलेला अलार्म, म्युझिक सिस्टिम, गॅस किट असं काही असेल तर पहिला हात तिथं घाला. तीन बल्बांच्या जोडणीचं चित्र हातानं काढून सोबत पाठवतोय, जागा असेल तर छापा, नसेल तर निदान त्यांच्यापर्यंत पोचवा.

आपला,
एक नियमित वाचक
(मूळ इचलकरंजी, सध्या कॉव्हेंट्री)