शेजारच्या खोलीतला आवाज

बाळा,

तू डब्लिनहून पाठवलेलं क्लेअर कीगनचं ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ परवा रात्री संपलं. जेमतेम सव्वाशे पानं पण मला आठ दिवस लागले, इंग्रजी अवघड म्हणून नाही, मधेच पुस्तक पालथं घालून गॅलरीत जाऊन उभी राहायचे म्हणून. फोनवर तू कायम ऑफिसच्या घाईत असतोस, म्हणून टाइप करतेय, सावकाश वाच.

तू म्हणाला होतास, आई आता खुनाची पुस्तकं पुरे, जरा लिटररी वाच. तेव्हाही पटलं नव्हतं आणि आता तर अजिबातच नाही, कारण तुझं हे लिटररी पुस्तक मला सरळ सरळ गुन्ह्याचंच वाटलं. 1985 चा ख्रिसमस, न्यू रॉस गाव, बिल फर्लाँग कॉन्व्हेंटमधे कोळसा टाकायला जातो आणि तिथल्या कोळशाच्या खोलीत त्याला एक मुलगी कोंडलेली सापडते. गुन्हेगार कोण ते गावाला माहितीये, फक्त बोलायचं नाही, कारण मुलींची चांगली शाळासुद्धा त्याच नन्सच्या हातात, आणि ह्याला पाच मुली. बायको पण तेच सांगते, आपल्याला काय करायचंय.

याच्या आधी अप्पा बळवंत चौकातून आणलेलं जपानी लेखक हिगाशिनोचं ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ वाचलं. त्यात खून सुरुवातीलाच होतो, कोणी केला ते लपवलेलंच नाही. यासुको त्रास द्यायला आलेल्या आधीच्या नवऱ्याला मारते, शेजारच्या फ्लॅटमधला गणिताचा मास्तर आवाज ऐकतो आणि काय झालं विचारायला दारात येऊन उभा राहतो. शेवटचा धक्का जबरदस्त आहे, तो मी तुला सांगत नाही, आणि तो मास्तर पुढे जे करतो ते मला कधीच माफ करता येणार नाही, पण माझ्या मनात राहिलं ते त्याचं दारात येणं.

बाकी त्याही आधी रिचर्ड ओस्मानची ती रिटायर्ड लोकांची सिरीज वाचली, म्हातारी माणसं फार गोड लिहिलीयेत पण खून शब्दकोड्यासारखा सुटतो आणि मेलेल्याचं दुःख कोणाला फारसं होत नाही. बुकर मिळालेलं ‘ऑर्बिटल’ अर्ध्यात सोडलं, सहा अंतराळवीर, दिवसात पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या, भाषा सुंदर रे, पण माणसं हाताला लागेनात.

आता जे सांगायचंय ते. पुस्तकातल्या त्या कॉन्व्हेंटसारख्या मॅग्डलीन लॉन्ड्र्या, म्हणजे नन्स मुलींना कोंडून कपडे धुवायला लावायच्या त्या जागा, त्यातली शेवटची तुझ्या डब्लिनमधेच 1996 ला बंद झाली म्हणे. 1996 म्हणजे आपण नारायण पेठेतल्या वाड्यात होतो, तू दोन वर्षांचा. शेजारच्या बिऱ्हाडातल्या सुनेला रात्री मारायचे, मधे नुसती भिंत, सगळं ऐकू यायचं आणि मी रेडिओचा आवाज वाढवायचे, तू उठू नयेस म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे. सकाळी ती नळावर यायची, कानामागे काळंनिळं झालेलं, आणि मी माझी बादली भरून घेऊन निघून यायचे, एकदाही विचारलं नाही. पुढे ते बिऱ्हाड हललं, ती कुठे गेली माहीत नाही. हे मी तुझ्या बाबांनाही कधी बोलले नाही. ही दोन पुस्तकं पाठोपाठ वाचली आणि तो नळ डोळ्यासमोरून हलेना, त्यामुळे यातलं कुठलं टाइमपास आणि कुठलं साहित्य हे मला विचारू नकोस, दोन्हींनी मला एकाच दारापुढे नेऊन उभं केलं.

तुझ्या ऑफिसात तिथली वयस्कर माणसं असतील ना, ती बोलतात का रे या लॉन्ड्र्यांबद्दल? आणि अजून एक, फर्लाँग त्या मुलीला घेऊन भर गावातून चालत घराकडे निघतो आणि पुस्तक तिथेच संपतं. बायको तिला आत घेईल असं वाटतं तुला? मला रात्री वाटतं घेईल, सकाळी वाटतं नाही.

हिगाशिनो फराळाच्या पार्सलमधे टाकलंय, चिवड्याच्या पिशवीखाली बघ.

तुझी,
आई