कर्णबधिर मुलीच्या वाट्याला शिवणकामच का? कौशल्य विकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय कौशल्य विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या सोमवारी माझी मुलगी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून रडत घरी आली. प्रवेश फेरीत तिला गुणांवर जोडारी (फिटर) व्यवसायाची जागा मिळाली होती. कागदपत्रांच्या पडताळणीत ती जन्मतः कर्णबधिर असल्याचे कळताच "लेथवर अपघात झाला तर जबाबदार कोण? तिला शिवणकाम द्या, मुलींना ते बरं पडतं," असे आम्हांला सांगण्यात आले. ती ओठ वाचते, त्यामुळे मी काही सांगण्याआधीच तिला सारे कळले होते. दोनच महिन्यांपूर्वी एका वरिष्ठ अधिकाऱ्याने जनता दरबारात "प्रवेश होऊ द्या, सांकेतिक भाषेचा दुभाषी आम्ही देऊ," असा शब्द सर्वांसमक्ष दिला होता.

तालुक्याच्या गावी माझे पंपदुरुस्तीचे दुकान आहे. शेतकरी बिघडलेली मोटार घेऊन आला की ही पोर चालत्या मोटारीवर तळहात टेकवते आणि बेअरिंग गेले आहे की इम्पेलर घासतो आहे, ते खुणेने सांगते. मी कान लावून जे ओळखतो ते ती हाताने ओळखते, आणि पुष्कळदा माझ्याआधी. लहानपणी तिला दूरच्या निवासी शाळेत ठेवताना तिची आई आठ दिवस जेवली नव्हती. ते सगळे आम्ही सोसले, ते ती दहावी होऊन हातात हत्यार धरेल म्हणून. त्या दुभाष्यासाठी मी ऐन पेरणीच्या हंगामात दुकान बंद ठेवून सात खेपा घातल्या, आणि प्रत्येक खेपेला "साहेब बैठकीला गेलेत" एवढेच उत्तर मिळाले.

दिव्यांग हक्क कायदा 2016 सालचा आहे. सर्वसाधारण व्यवसाय प्रशिक्षणात दिव्यांगांना सामावून घ्यावे, असे त्याचे कलम 19 सांगते. केंद्राच्या अभ्यासक्रम पुस्तिकेत कोणत्या व्यवसायाला कोणते दिव्यांग पात्र आहेत हे छापलेले असते, आणि जोडारीपुढे कर्णबधिरांचा उल्लेख आहे. म्हणजे दिल्लीने ज्या मुलीला पात्र ठरवले, तिला तालुक्याच्या टेबलावर अपात्र ठरवले गेले. यंत्रावर धोक्याचा लाल दिवा बसवणे आणि शिल्प निदेशकाने, म्हणजे तिथल्या शिक्षकाने, सूचना फळ्यावर लिहून देणे, एवढ्यावर आमचा प्रश्न बराचसा सुटतो. ते कोणी करून पाहिले का?

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांग आहेत. त्यांच्यासाठी राज्याने 2022 मध्ये स्वतंत्र विभाग काढला, तेव्हा मी दुकानात पेढे वाटले होते. पण दिव्यांग म्हटले की आजही मेणबत्त्या, कागदी पिशव्या आणि शिलाई मशीन यांपलीकडे तुमच्या व्यवस्थेची नजर जात नाही. शिवणकामाला मी कमी लेखत नाही. माझ्या आईने त्यावरच आम्हांला वाढवले. मात्र तिने ते स्वतः निवडले होते. माझ्या मुलीला निवडू दिले नाही, आणि असे किती लेकरांच्या बाबतीत झाले असेल, या विचाराने मला झोप लागत नाही.

मला मदतनिधी नको, सत्कार नको. तिची जागा तिला परत द्या, आणि प्रत्येक जिल्ह्यात निदान एक दुभाषी नेमून त्याचे नाव संस्थेच्या फलकावर लावा. पुढच्या फेरीची यादी लागायला चार दिवस उरले आहेत. ती लागली की ही जागा दुसऱ्याच्या नावावर जाईल. तिच्या अर्जाची प्रत मी आपल्या कार्यालयाच्या आवक विभागात दिली आहे आणि पोचपावती माझ्यापाशी आहे.

आपला,
एक पंपदुरुस्ती कारागीर