वेबसाईटवर सूचना कुठे टाकायची आणि फी कुठे लिहायची

संपादक महोदय,

आमच्या नेरूळ-सीवूड्स भागातल्या बऱ्याच शाळा, वाचनालयं, क्लासेस, छोट्या संस्थांनी आता स्वतःच्या वेबसाईट केल्यात, चांगलीच गोष्ट आहे. पण हवी ती माहिती तिथे पटकन सापडत नाही. माहिती टाकलेली असते हो, फक्त चुकीच्या जागी टाकलेली असते. मी अशाच छोट्या वेबसाईट बनवायचं काम करतो, त्यामुळे हे रोज बघतो आणि खरंच वाईट वाटतं, म्हणून लिहितोय.

एका वाचनालयाची वेबसाईट बघा (नाव नको). होमपेजवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘येत्या रविवारी वाचनालय बंद राहील’. कुठला रविवार? तारीखच नाही, कारण ही सूचना पेजवर, म्हणजे वेबसाईटच्या कायमच्या पानावर टाकलीये आणि पेजवर सहसा तारीख दिसत नाही. आणि वर्गणी किती, डिपॉझिट किती, पुस्तक बदलायची वेळ काय, हे सगळं टाकलंय पोस्ट म्हणून, म्हणजे तारखेनुसार एकाखाली एक लागणाऱ्या नोंदींमध्ये. मग त्याच्यावर दिवाळी अंक योजना आली, वाचक मेळाव्याचे फोटो आले, एक श्रद्धांजली आली, आणि वर्गणीची पोस्ट गेली खाली. वर्डप्रेसमध्ये (वेबसाईट बनवायचं सॉफ्टवेअर) मूळ सेटिंगला एका पानावर १० पोस्ट दिसतात, अकरावी आली की सगळ्यात जुनी मागच्या पानावर ढकलली जाते, आणि ‘जुन्या पोस्ट’वर क्लिक करत मागे मागे कोण जातंय? आमच्या ओळखीच्या एक काकू त्या तारीख नसलेल्या सूचनेमुळे तो रविवार कधीच होऊन गेला असं समजून तुर्भ्याहून लोकलने आल्या, तर दाराला कुलूप.

फरक तसा सोपा आहे. सोसायटीच्या गेटवर रंगवलेली पाटी असते आणि लिफ्टजवळ नोटीस बोर्ड असतो. पेज म्हणजे ती पाटी, पोस्ट म्हणजे बोर्डावरचा कागद. पोस्टला तारीख असते, नवीन पोस्ट वर येते, जुनी खाली जाते, तिला कॅटेगरी आणि टॅग, म्हणजे विषयाची लेबलं लावता येतात, फीडमधून, म्हणजे नवीन पोस्टच्या आपोआप जाणाऱ्या यादीतून ती वाचकांपर्यंत जाते. पेज या रांगेत नसतंच, ते मेनूत एका ठरलेल्या जागी बसतं, आणि एका पेजखाली दुसरं ठेवता येतं, म्हणजे ‘प्रवेश’च्या खाली ‘फी’ आणि ‘लागणारी कागदपत्रं’. वर्डप्रेस २००३ मध्ये आलं तेव्हा पेजची सोय नव्हती, ती २००५ च्या १.५ व्हर्जनमध्ये आली, कारण पत्ता, फोन, संस्थेची माहिती असल्या गोष्टी तारखेच्या रांगेत उभ्या करून चालतच नाही.

कुठे काय टाकायचं हे ठरवायला मी लोकांना एकच प्रश्न विचारायला सांगतो, तारीख काढून टाकली तर या मजकुराला अर्थ उरतो का? उरत असेल तर पेज, नाहीतर पोस्ट.

पेज एकदा केलं की बदलता येत नाही असा एक गैरसमज फार आहे. उलट पेज बदलायचंच असतं, फी वाढली की त्याच पेजवर नवा आकडा टाकायचा, पेजची लिंक तीच राहते, त्यामुळे माहितीपत्रकावर छापलेला क्यूआर कोड पुढच्या वर्षीही चालतो. फीची दरवर्षी वेगळी पोस्ट केली की गूगलवर तीन वर्षांपूर्वीचा आकडा सापडतो आणि पालक ऑफिसात येऊन भांडतात, त्यात त्यांची काय चूक.

उलट बाजूनेही नुकसान होतंच. पाणी बंद राहण्याची सूचना एका पेजवर टाकायची आणि पुढच्या वेळी तीच खोडून नवीन लिहायची, म्हणजे आधी किती वेळा पाणी बंद होतं याची नोंदच राहत नाही. पोस्ट केल्या असत्या तर तारखेसकट सगळं शिल्लक राहिलं असतं आणि नागरिकाला दाखवता आलं असतं. मला हा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे नुसती गैरसोय नाही, पुरावा जातो.

सरकारी कार्यालयांचं तर काम कायद्यानेच सोपं केलंय. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४ मध्ये १७ बाबी स्वतःहून जाहीर करायला आणि दरवर्षी अद्ययावत करायला सांगितल्यात, कामं, अधिकारी, त्यांचे अधिकार वगैरे. हा सगळा पेजचा मजकूर आहे. टेंडर, भरती, शिबिरं या पोस्ट.

आपल्या पेपरातून संस्थाचालकांना विनंती, वेबसाईट नव्याने करायची काही गरज नाही. वेळ, फी, पत्ता, फोन, कागदपत्रं एवढी पेजेस करून मेनूत लावा, प्रत्येकाच्या खाली शेवटचा बदल कधी केला ते लिहा, आणि जुनी पोस्ट नुसती डिलीट करू नका, तिच्या लिंकवरून नवीन पेज उघडेल असं करा, कारण ती लिंक लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये फिरत असते. आणि सूचनेत ‘येत्या रविवारी’ न लिहिता तारीख, महिना, वर्ष लिहा. जूनमधली प्रवेशाची गर्दी सुरू व्हायच्या आत एवढं उरकलं तरी पालकांचे बरेच हेलपाटे वाचतील.

आपला,
एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई