आई, डबी शोधू नकोस

ती. आई आणि आप्पा,
सा. न. वि. वि.

आई, मिसरीची डबी शोधू नकोस. चुलीमागच्या कोनाड्यात नाही, कोठीवर नाही, आणि भांडीवालीनं तर मुळीच नेलेली नाही, तिच्यावर आळ घेऊ नकोस. आखाजीच्या सणाहून निघताना मीच ती पर्समध्ये टाकली. एसटी धुळ्याच्या पुढे जाईपर्यंत चोरी केल्यासारखं वाटत होतं. म्हणजे चोरीच आहे ती.

फोनवर बोलले असते. पण दातांचा विषय निघाला की तू "घे, आप्पांशी बोल" म्हणून मोकळी होतेस. म्हणून पत्र.

दुसरं म्हणजे, शनिवारी ११ वाजता जळगावला दातांच्या डॉक्टरांकडे मी तुम्हां दोघांचा नंबर लावून टाकलाय. विचारायला हवं होतं, मान्य. पण दिवाळीपासून विचारतेच आहे ना? तुझं ठरलेलं उत्तर, "माले काही व्हत नही, तू तुनं दख." आणि आखाजीला खापरावर एक मांडा शेकेपर्यंत तू तीनदा हिरडीवर बोट फिरवलंस. मी मोजलं.

विचारलं तर सगळं खापर भरताच्या वांग्यावर फोडलंस. वांग्यानं काहींच्या तोंडाला खाज सुटते, हे खरं आहे. पण ती खाल्ल्यावर थोड्याच मिनिटांत सुटते, ओठ, जीभ, घसा सगळीकडे, आणि तासा-दोन तासांत विरून जाते. तुझी खाज पहाटेची, एकाच बाजूची, खालच्या हिरडीची. चार दिवस वांगं बंद केलं तरी ती होतीच. वांगं बिचारं फुकट बदनाम झालं.

हिरड्या खाजतात त्या बहुतेक वेळा दाताच्या मुळाशी साचलेल्या चिकट थरामुळे. तो रोज निघाला नाही की दगडासारखा टणक होतो, मग कितीही घासा, ब्रशला दाद देत नाही. हिरडी सुजते, खाजते, थुंकीत रक्त दिसतं. त्यात तुझी साखर. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येत नाही. गोळ्या वेळेवर घेऊनही तीन महिन्यांची सरासरी ८.६ का आली म्हणून आपण डोकं खाजवत होतो, त्यातलं थोडं कारण तुझ्या तोंडातच असेल. शेजारच्या काकू म्हणतात ना, मशीननं साफ केलं की दात हलायला लागतात? दात आधीच हललेला असतो गं, किटणाच्या टेकूवर उभा असतो इतकंच.

रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी सोबत घे. त्यात अमलोडिपिन आहे, तिनं काहींच्या हिरड्या फुगतात. डॉक्टरांना दाखवू. पण आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही, सांगून ठेवते.

आप्पा, तुम्ही हसू नका, तुमचंही आहे. वरची कवळी तुम्ही रात्री काढत नाही. "चोर आला तर बिनदाताचा ओरडू कसा?" विनोद चांगला आहे, पण चोवीस तास कवळीखाली दबलेल्या टाळूवर बुरशी धरते. तुमची टाळू लाल झालीय आणि खाजते, हे तुम्ही नातवाला सांगितलंत, मला नाही. रात्री कवळी काढून वाटीत साध्या पाण्यात ठेवा. उकळतं पाणी नको, ती वाकडी होते. टूथपेस्टनं घासू नका, चरे पडतात. अंगाचा साबण आणि मऊ ब्रश पुरे. धुताना खाली पाणी भरलेली बादली ठेवा, हातातून सटकली तरी फुटणार नाही. सैल झाली असेल तर आतून भरून देतात, नवीनच करावी लागते असं नाही. पैशांचा विषय काढू नका. तो मी आणि दादानं मिटवलाय.

आई, तुला आठवतं, माझा पहिला दात पडला तेव्हा तूच तो घराच्या धाब्याच्या छतावर भिरकावला होतास, आणि मी रडले म्हणून तुझं बोट माझ्या हिरडीवर फिरवलं होतंस. त्या बोटाला भाजलेल्या तंबाखूचा करपट वास होता. कितीतरी वर्षं मला तो तुझाच वास वाटायचा. तू तव्यावर तंबाखू भाजायला बसलीस की अख्खी गल्ली शिंकायची. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर सरकारनं १९९२ सालीच बंदी आणली, पण घरच्या तव्यावर कोण आणणार?

आता जे सांगायला पत्र लिहायला बसले ते. त्या रात्री मोबाइलच्या उजेडात तुझं तोंड पाहिलं, तेव्हा तू मिसरी दाबून धरतेस बरोबर त्याच जागी एक पांढरट डाग दिसला. मी हलक्या हातानं पुसून पाहिला, गेला नाही. दुखत नाही म्हणून तू गप्प आहेस. असे डाग पुष्कळदा साधे निघतात. पण तंबाखूच्या जागेवरचा आणि दोन आठवड्यांत न गेलेला डाग डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय सोडायचा नसतो. मी पुढचा शब्द उच्चारत नाही, तूही मनात आणू नकोस.

तोवर कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ टाकून दोन वेळा चुळा भर. गिळू नकोस, रक्तदाब आहे. कोरडं मीठ चोळणं बंद. लवंगाचं तेल थेट हिरडीवर लावणं बंद, भाजतं. दात घासायला मऊ ब्रश घे. मिसरीशिवाय चिडचिड होईल, डोकं दुखेल, पोट साफ होणार नाही. ओरडायचं असेल तर मला फोन करून ओरड. आप्पा, तंबाखूच्या पुडीवर १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर असतो, तो लावून द्या तिला.

शनिवारसाठी मी शुक्रवारच्या रात्रीच पोचते. गाडी सांगितलीय, तू पुढे बस, मागे तुला मळमळतं. सकाळी नेहमीसारखं खाऊन गोळी घेऊनच निघायचं. जेवण मावशीकडे आहे. कळण्याची भाकरी दुधात कुस्करून देईल ती, आणि भरीतही करणार आहे.

डबी घासून ठेवलीय, आत भाजलेली बडीशेप भरलीय. झाकणावरचा पोचा तसाच ठेवलाय.

तुमची,
ताई

ता. क. आप्पा, पत्र तुम्हीच मोठ्यानं वाचणार. डागाचं जरा हळू वाचा. आणि आता कवळी काढा.