टॉम सॉयरच्या पलीकडचा ट्वेन

प्रिय दिलीप,

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं ऑपरेशन निभावलं हे वाचून बरं वाटलं. आता महिनाभर पडून वाचायला काहीतरी खुसखुशीत हवं म्हणतोस, आणि वर ‘तुझा तो मार्क ट्वेन नको, टॉम सॉयर शाळेतच झालाय’ अशी तंबीही देतोस. म्हणून हे लांबलचक पत्र. तुला उसंत आहे, सोसशील.

टॉम सॉयर आणि हकल्बरी फिन या कादंबऱ्यांतल्या दोन पोरांनी आपल्या बापाचं, म्हणजे ट्वेनचं, एक नुकसान करून ठेवलंय. त्यांच्या गर्दीत बाकीचा ट्वेन कुणाला दिसतच नाही. माणसाने मासिकांत, वर्तमानपत्रांत ढीगभर फुटकळ लिहिलं. त्यात भरताडही पुष्कळ आहे, हे आधीच सांगतो. पण जे चांगलं आहे ते इतकं चांगलं आहे की मी हल्ली कादंबऱ्या बाजूला ठेवून तेच पुन्हा पुन्हा काढतो.

सुरुवात कर १८७० साली ‘गॅलक्सी’ मासिकात आलेल्या एका लेखापासून. शेतकी साप्ताहिकाचा संपादक सुटीवर जातो आणि शेतीतलं ओ की ठो न कळणारा आपला निवेदक त्याच्या खुर्चीत बसतो. अंक निघतो. एक म्हातारा तो घेऊन कचेरीत येतो, चष्मा पुसतो आणि विचारतो, हे तुम्हीच लिहिलंय का? लिहिलेलं असं की सलगम (हा जमिनीत वाढणारा कंद) कधी उपटू नयेत, त्यांना इजा होते. पोराला वर चढवून झाड हलवायला सांगावं. निवेदक जराही न गडबडता म्हणतो, अहो, अर्धेकच्चे सलगम उपटल्यामुळे दरसाल किती माल वाया जातो! म्हातारा ओरडतो, सलगम झाडाला लागत नाहीत! त्यावर याचं उत्तर: लागतात असं कोण म्हणालं? ती भाषा अलंकारिक होती. पोराने वेल हलवायचा, हे कुठल्याही जाणत्या माणसाला कळेल. म्हातारा अंकाच्या चिंध्या करतो, काठीने सामान फोडतो आणि निघून जातो. निवेदकाला एवढंच वाटतं की याचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय! पुढे ग्वानो या खताला तो ‘उत्तम पक्षी’ म्हणतो, ते तू स्वतः वाच. आणि मूळ संपादक परत येऊन फैलावर घेतो तेव्हा याचा बचाव काय? चौदा वर्षं या धंद्यात आहे, पण वर्तमानपत्र चालवायला काही माहिती असावी लागते हे आजच ऐकतोय.

हसू कुठून येतं बघ. निवेदक स्वतः एकदाही हसत नाही. ‘गोष्ट कशी सांगावी’ या १८९५च्या लेखात ट्वेनने हे उघडच लिहिलंय: विनोदी गोष्ट गंभीरपणे सांगायची, यात काही गमतीचं आहे अशी शंकाही सांगणाऱ्याच्या तोंडावर दिसता कामा नये. आपल्या चिमणरावांना हे न शिकवता येत होतं. पण ट्वेनचं वेगळेपण असं की हाच मख्ख चेहरा घेऊन तो कुठेही घुसतो, टीकेत, धर्मात, अगदी शोकातसुद्धा.

टीकेतलं उदाहरण म्हणजे फेनिमोर कूपरवरचा लेख, तोही १८९५चाच. कूपर म्हणजे अमेरिकेच्या जंगलकथांचा मोठा मानकरी. ट्वेन त्याच्या एका प्रसंगाला मोजपट्टी लावतो. वीस फूट रुंदीच्या ओढ्यातून एकशे चाळीस फूट लांबीची बोट गोगलगाईच्या चालीने चालली आहे, वर वाकलेल्या झाडावर सहा रेड इंडियन दबा धरून बसलेत. बोटीवरचं घर नव्वद फूट लांब, ते खालून सरकायला चांगलं मिनिटभर लागणार. तरी म्होरक्या नेम धरून उडी मारतो आणि घर चुकवून बोटीच्या मागच्या टोकावर आपटतो. उरलेल्यांचं काय? उरलेल्या पाचांतला पहिला बोट निघून गेल्यावर पाण्यात, दुसरा आणखी मागे, तिसरा-चौथा त्याच्याही मागे. आणि पाचवाही उडी मारतोच, कारण तो कूपरचा इंडियन! कूपरवर हा थोडा अन्यायच आहे, पण मला तो मनापासून आवडतो. कथेतल्या वस्तूंना लांबी-रुंदी असते आणि लेखकाने ती पाळायची असते, हे इतक्या झटपट मला दुसऱ्या कुणी पटवलं नाही.

धर्मात घुसलेला ट्वेन पाहायचा तर कॅप्टन स्टॉर्मफील्डची स्वर्गयात्रा. वाटेत धूमकेतूशी शर्यत लावल्यामुळे कॅप्टन भलत्याच फाटकाशी पोचतो. तिथल्या कारकुनाला पृथ्वी नकाशात सापडता सापडत नाही, आणि सापडते तेव्हा कळतं की तिथे तिला ‘चामखीळ’ म्हणतात.

आता आपल्या जवळचं. धंद्यात बुडाल्यावर देणी फेडायला ट्वेन १८९५ मध्ये व्याख्यानं देत जगभर निघाला आणि १८९६च्या जानेवारीत मुंबईत उतरला. मुक्काम वॉटसन हॉटेलात. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे तीच लोखंडी सांगाड्याची इमारत, आता पार मोडकळीला आलेली. ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या प्रवासवर्णनात मुंबईचे कावळे आहेत. ते कठड्यावर बसून याच्याकडे बघत चर्चा करतात: हा कोण, कपडे असे का, हिंदुस्थानात कसा आला आणि आजवर फाशी न जाता राहिला कसा. त्याच्या हाताखालच्या चलाख नोकराचं नाव त्याने ‘सैतान’ ठेवलं होतं. एके दिवशी सैतान येऊन वर्दी देतो, देव भेटायला आलाय! आलेले असतात खोजांचे धर्मगुरू, आणि बोलणं निघतं ते हकल्बरी फिनवर. भेट संपल्यावर सैतान पुढे आणि देव मागे, असे दोघे बाहेर पडतात.

पण कावळ्यांच्याच प्रकरणात दुसरंही एक आहे. हॉटेलातला जर्मन माणूस दाराचं काहीतरी नीट झालं नाही म्हणून नोकराच्या जबड्यावर फटका मारतो. नोकर मुकाट्याने सोसतो. ट्वेनला एकदम पन्नास वर्षांपूर्वीचं मिसुरी आठवतं. दहा वर्षांचा असताना त्याने पाहिलं होतं, एका माणसाने जरासं काम चुकलं म्हणून गुलामाच्या डोक्यात लोखंडाच्या खनिजाचा ढेकूळ घातला. तासाभरात तो मेला. गावात कुणालाच ते पटलं नाही, पण कुणी फारसं बोललंही नाही. इथे मख्ख चेहरा गळून पडतो. दोन पानं माणूस सरळ बोलतो, मग कावळे येतात. दिलीप, मला वाटतं कावळे इतके रंगतात ते या फटक्यामुळेच.

आणि अ‍ॅडम-ईव्हच्या डायऱ्या. अ‍ॅडमची आधीची, १८९३ची. त्यात ईडनची बाग नायगारापाशी आहे. सतत बोलणाऱ्या या नव्या लांबकेशी प्राण्याने तो वैतागलाय. पुढे त्यांचा पोरगा केन जन्मतो तेव्हा तो मासा की कांगारू की अस्वल, याचं अ‍ॅडम शास्त्रीय संशोधन करतो; मासा असेल तर पोहेल म्हणून त्याला पाण्यातसुद्धा टाकून बघतो. ईव्हची डायरी १९०५ची. मधल्या काळात, १९०४च्या जूनमध्ये, ट्वेनची बायको लिव्ही फ्लॉरेन्सला वारली होती. ईव्हच्या कबरीपाशी अ‍ॅडम एकच ओळ बोलतो: ती जिथे होती, तिथेच ईडन होतं. पुढच्या साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावच्या वाचनालयाने हे पुस्तक कपाटातून काढून टाकलं, कारण चित्रांत ईव्हच्या अंगावर कपडे नव्हते! ट्वेननेच रचलेला किस्सा वाटावा, पण खरा आहे.

‘टॉम सॉयर डिटेक्टिव्ह’ मात्र हातात धरू नकोस. पैशांसाठी पाडलेलं आहे आणि ते कळतं. बाकी सगळ्याचा कॉपीराइट केव्हाच संपलाय, फुकट मिळतं. सलगमाचा लेख आधी वहिनींना मोठ्याने वाचून दाखव, फक्त स्वतः हसू नकोस. आणि टाके उसवले तर बिल मला पाठवू नकोस.

तुझा,
सुधीर