शिवणीतली माया

प्रिय बयो,

तुझं पत्र आलं. पहिलं पान वाचून हसले, दुसरं वाचून रुसले. "लोकांनी टाकलेले कपडे तू हौसेनं विकत आणतेस, तुला झालंय तरी काय?" असं तू विचारावंस? शाळेत माझी पीटीची पँट दोन वर्षं घालून हिंडलीस, ते विसरलीस वाटतं. (परतही दिली नाहीस.)

तर ऐक. हे वेड लागलं ते माझ्या हातांमुळे. माझे हात तुला माहीतच आहेत. नवा कोट कुठलाही चढवला तरी बाही मनगटाच्या दोन बोटं अलीकडेच थांबते. मागे एकदा पावसात अडकले म्हणून जुन्या कपड्यांच्या एका दुकानात शिरले. तिथे एक काळपट हिरवा लोकरीचा कोट होता. खांद्यात चपखल बसला, बाह्या नेहमीप्रमाणे आखूड. परत टांगणार, एवढ्यात दुकानातल्या बाईंनी बाही उलटी करून दाखवली. आत दोन इंच कापड दुमडून ठेवलेलं! अंगातल्या शिवणींनाही दोन्हीकडे बोटभर जास्तीचं कापड. घरी येऊन दुमड उसवली, ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवली, नव्यानं टाचलं आणि जन्मात पहिल्यांदा बाही मनगटाला येऊन टेकली. दुमडीखालचा पट्टा मात्र बाकीच्या कोटापेक्षा गडद दिसतो. इतकी वर्षं त्याला ऊन लागलंच नव्हतं ना! मला तो पट्टा फार आवडतो.

आता सवयच लागली आहे. कपडा हातात घेतला की आधी उलटा करते. हल्लीच्या बहुतेक कपड्यांत कापडाची कड बांधणारं ओव्हरलॉक अगदी शिवणीला खेटून मारलेलं असतं. सैल करायचं म्हटलं तर कापड आणायचं कुठून? त्या कोटाच्या शिंप्यानं मात्र गृहीतच धरलं होतं की माणूस सुटेल, वाळेल, कोट धाकट्याच्या अंगावर जाईल. शिवणीत राखून ठेवलेल्या कापडाला 'माया' हा शब्द ज्यानं कुणी योजला, त्याचं मला राहून राहून कौतुक वाटतं.

आणि कपडा वाचण्यात मजा असते गं! बटण ओठाला लावून बघायचं. शिंपल्याचं असेल तर गार लागतं, प्लॅस्टिकचं लागत नाही. (लोक बघतात. बघू देत.) शिवणीतला एक धागा काढून घरी जाळला तर लोकरीला केस जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गुठळी होते. धुण्याच्या सूचनांची पट्टीही बोलकी असते. अमेरिकेत ती कपड्यात शिवणं 1972 पासून सक्तीचं झालं. त्यामुळे तिकडच्या कपड्यात पट्टी नसेल, कापल्याची खूणही नसेल, तर माझे कान टवकारतात.

अर्थात शहाणपण अंगाशीही येतं. लीव्हायसच्या जीन्सवरच्या लाल फितीत नावातला 'ई' 1971 पर्यंत मोठ्या लिपीत असायचा, पुढे छोटा झाला, हे मी कुठेतरी वाचून ठेवलेलं. एके दिवशी मोठा 'ई' दिसला आणि मी बाकी काही न बघता जीन्स उचलली. घरी येऊन उलटी केली, तर आतल्या पट्टीवर वेबसाइटचा पत्ता! जुन्या नमुन्यांच्या नव्या आवृत्त्याही निघतात आणि त्यांच्यावर तोच मोठा 'ई' असतो, हे वाचायचं राहिलं होतं. जीन्स चांगली आहे, रोज घालते. पण त्या दिवशीचा माझा चेहरा तू बघायला हवा होतास.

आकड्यांवरही जाऊ नकोस. अमेरिकेत बायकांच्या कपड्यांच्या मापांचं प्रमाण 1958 साली ठरलं आणि 1983 मध्ये ते मागे घेतलं गेलं. कंपन्या गिऱ्हाइकाला खूश ठेवायला आकडा उतरवत गेल्या. तेव्हाचा बारा नंबर आजच्या बारात बसणाऱ्या बाईला होतच नाही. मी पर्समध्ये टेपच ठेवते.

"मेलेल्या माणसाचे असतील ते," असं तू लिहिलंस. असतीलही. घानात अशा कपड्यांना 'ओब्रोनी वावू' म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्याचे कपडे. इतके चांगले कपडे जिवंत माणूस कशाला टाकेल, अशी त्यामागची समजूत. माणसं जिवंतपणीच टाकतात, आणि हल्ली तर फारच लवकर टाकतात. मला भीती मेलेल्यांची वाटत नाही, लोकर खाणाऱ्या कसरीची वाटते. एकदा एक स्वेटर तसाच कपाटात ठेवला आणि शेजारच्या दोन शालींची चाळण झाली. तेव्हापासून लोकरीचं काहीही आणलं की पिशवीत घट्ट बांधून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे. आईसक्रीमच्या शेजारी कार्डिगन बघून पाहुणे गप्प होतात. बगलेत विरलेलं कापड, मेलेलं इलॅस्टिक आणि पॉलिएस्टरात मुरलेला घामाचा वास यांच्यापुढे मात्र हात टेकायचे. सोडून द्यायचं. आणि हो, खिशात मला प्रेमपत्र वगैरे कधी सापडलेलं नाही. सुटी बटणं सापडतात, जी जास्त कामाची.

एक कबूल करते. हे सगळं पर्यावरणासाठी करते असं मी लोकांना सांगायचे. गेल्या महिन्यात कपाट आवरताना अंगाला न होणारे चार ब्लाऊज निघाले, 'मिळत होते म्हणून' घेतलेले. जुनं झालं तरी ढीग तो ढीगच. त्यानंतर मी तो आव आणणं सोडलं. मला शोधायला आवडतं, बस. शंभर हँगर सरकवायचे, नव्याण्णव वेळा 'नाही' म्हणायचं, शंभराव्याला हात थबकतो. कित्येकदा तो थबकतही नाही आणि मी रिकाम्या हातानं पण खुशीत घरी येते. नव्या दुकानात एकाच शर्टाचे वीस भाऊ रांगेत उभे असतात. तिथे शोधणार काय?

तुझ्यासाठी एक जॅकेट बाजूला ठेवलंय. गडद निळं, आत रेशमी अस्तर, कोपराला कुणीतरी इतकं सुरेख रफू केलंय की उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत टेप लावून माप कळव. नंबर कळवू नकोस. कंबरेत घट्ट झालं तर काळजी नको, माया मी बघून घेतली आहे.

आणि ती पीटीची पँट शोध. वीस वर्षांपुढच्या कपड्याला साधारण व्हिंटेज म्हणतात, तिची वीस कधीच उलटली. आता तर मला ती हवीच आहे.

तुझी,
ताडमाड